आठव्या दिवसाचा आहार

झटपट डाएटनं वजन उतरतं, हे सुरुवातीलाच मान्य करून टाकतो. नुसत्या फळांवर राहा, कोबीचं सूप प्या, भात-पोळी बंद करा किंवा जेवणाऐवजी डब्यातली पावडर पाण्यात घुसळून घ्या. पहिल्या आठवड्यात काटा खाली येतोच. ज्यांनी हे केलंय ते खोटं बोलत नाहीत. म्हणूनच अशा आहारांची टवाळी करणाऱ्या पुस्तकांचा फारसा उपयोग होत नाही. तीन किलो कमी झालेले वाचकानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असतात, तो पुस्तक मिटून ठेवतो. वऱ्हाडातल्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेल्या या पुस्तकाच्या लेखिकेनं ती वाट धरली नाही. त्यांचा प्रश्न आठव्या दिवसाचा आहे: सात दिवसांचा तक्ता संपला, आता काय खायचं? म्हणून मी प्रस्तावना लिहायला तयार झालो. मी डॉक्टर नाही. शेगावात राहतो, खातो आणि लोक काय खातात ते पाहतो, एवढीच माझी पात्रता.

आधी थोडा हिशेब. ‘सात दिवसांत सात किलो’ ही जाहिरात मोबाइलवर येते तेव्हा गणित कुणी करत नाही. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. सात दिवसांत सात किलो चरबी घालवायची तर रोज ७,७०० कॅलरींची तूट हवी. दुकानात बसणारा माणूस दिवसाला दोन हजारांच्या आसपास कॅलरी खर्च करतो. त्यानं आठवडाभर अन्नाचा कणही घेतला नाही, तरी त्याची दोन किलो चरबी जळत नाही. मग काट्यावर दिसतं ते काय? मुख्यतः पाणी. यकृतात आणि स्नायूंत आपण पिष्टमय अन्नाचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतो. तो चार-पाचशे ग्रॅमचा असतो आणि प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भाकरी-भात तोडला की साठा रिकामा होतो, पाणी निघून जातं आणि दीड-दोन किलो ‘उतरतात’. आठव्या दिवशी माणूस भाकरी खातो, साठा भरतो, पाणी परत येतं. मग तो चारचौघांत सांगतो, ‘मला बाप्पा भाकरच लागते अंगाला.’ भाकरीची यात काही चूक नसते.

चिकाटीची माणसं आठवड्यानं थांबत नाहीत, तीन महिने काढतात. त्यांची चरबी खरोखर जाते, सोबत काही स्नायूही जातात. पण शरीर ही तूट गुमान सोसत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेनं आले होते. त्यांना २४ आठवडे रोज सोळाशेच्या आतबाहेर कॅलरी दिल्या आणि चालायलाही लावलं. आज मोबाइलवरचे कितीतरी तक्ते यापेक्षा कमी देतात, हे लक्षात घ्या. त्या तरुणांचं वजन सुमारे चौथा हिस्सा उतरलं, पण त्यांना खाण्याखेरीज दुसरं काही सुचेना. काही जण स्वयंपाकाची पुस्तकं जमवू लागले. चिडचिड वाढली, थंडी वाजू लागली, शरीराचा खर्च घटलेल्या वजनाच्या मानानंही जास्त आखडला. पोटभर मिळायला लागल्यावर चरबी आधी परतली आणि पूर्वीपेक्षा जास्त झाली. २०११ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी पन्नास स्थूल माणसांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींच्या आहारावर ठेवलं आणि वर्षभरानं त्यांचं रक्त तपासलं. भूक वाढवणारी संप्रेरकं तेव्हाही चढलेली होती आणि तृप्तीची खबर देणारी उतरलेली. म्हणजे वर्षानंतरही शरीर हरवलेलं वजन मागत होतं. ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणून सुनेला किंवा नवऱ्याला टोमणे मारणाऱ्यांनी हे वाचावं.

महाराष्ट्रात या विषयाची जितकी चर्चा झाली, तितकी भारतात इतरत्र क्वचितच झाली असेल. तिची एक मुळी विदर्भात आहे. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार हे आमदार, खासदार, मंत्री आणि पदव्यांच्या ढिगासाठी प्रसिद्ध असलेले गृहस्थ. खाल्लं की इन्सुलिन वाढतं, सारखं खाल्लं की सारखं वाढतं, म्हणून दिवसातून दोनदाच खा, हे ते व्याख्यानांतून सांगत. २००४ मध्ये रस्ता अपघातात ते गेले. वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ते सूत्र पुढे नेलं: कडक भूक लागेल तेव्हा दोनदा जेवा, जेवण ५५ मिनिटांत संपवा, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. २०१८-१९ च्या सुमारास राज्य सरकारच्या स्थूलताविरोधी मोहिमेचा चेहरा म्हणून त्यांची निवड झाली आणि घराघरात दोन पक्ष पडले. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर होत्या. करीना कपूरच्या ‘टशन’मधल्या बारीक बांध्यामुळे त्यांचं नाव २००८ पासून गाजत होतं. थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी, आजीच्या हातचं, तूप-भातासकट खा, हा त्यांचा सांगावा. सासू दीक्षित, सून दिवेकर आणि मध्ये सापडलेला डबा, असे विनोद त्या दिवसांत किती फिरले त्याला गणती नाही.

त्या वादात मला नेहमी एक गंमत वाटत आली. दोघांचे अनुयायी घड्याळावरून भांडत होते, आणि ताटातल्या बदलाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. दीक्षितांचं ऐकणाऱ्या माणसाचे दिवसातले चार-पाच गोड चहा, त्यासोबतची बिस्किटं, संध्याकाळचा चिवडा आणि रात्री टीव्हीसमोरचं चरणं एका फटक्यात बंद झालं. दिवेकरांचं ऐकणारीनं पाकिटातली बिस्किटं टाकून शेंगदाणे, केळं, घरचं ताक घेतलं. दोघांनीही पाकिटबंद माल कमी केला, घरचं जेवण वाढवलं, दोघंही चालायला लागले. मग दोघांनाही फरक पडला, यात नवल ते काय? मला दीक्षितांच्या पद्धतीचा एक गुण मोठा वाटतो: ती फुकट आहे, तिला डबा विकायचा नाही, आणि नियम निरक्षर माणसालाही पाठ होतो. दोष असा, की मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं औषधाचं माप न बदलता मधलं खाणं तोडलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, आणि शेजाऱ्याचं पाहून सुरू करणाऱ्याला हे कुणी सांगत नाही.

घड्याळाऐवजी पदार्थांवरून भांडणाऱ्यांसाठीही उत्तर आलेलं आहे. २०१८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटानं ६०९ माणसांची दोन गटांत वाटणी केली. एकाला कमी स्निग्धाचा आहार, दुसऱ्याला कमी पिष्टाचा. दोन्हीकडे साखर आणि मैदा कमी, भाज्या भरपूर. वर्षभरानं पहिल्या गटाचं सरासरी ५.३ किलो उतरलं होतं, दुसऱ्याचं ६ किलो. हा फरक मोजण्यासारखा नाही. पण प्रत्येक गटात कुणाचं वीस-पंचवीस किलो गेलं होतं आणि कुणाचं चक्क वाढलं होतं. तेव्हा ‘कोणता आहार चांगला’ यापेक्षा ‘कोणता मला पाच वर्षं झेपेल’ हा प्रश्न विचारणं बरं. आणि झेपणं हे माणसाच्या निग्रहाइतकंच त्याच्या गावावर अवलंबून असतं. म्हणून शेगावकडे येतो.

शेगावचं खाणं दोन तऱ्हांचं आहे, पाहुण्याचं आणि घरच्याचं. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास इथल्या स्टेशनावर कचोरी विकायला सुरुवात केली, आणि हावडा-मुंबई मार्गावरच्या गाड्यांनी तिचं नाव देशभर नेलं. लहानशी, तिखट, सोबत तळलेली मिरची. गुरुवारी गजानन महाराजांच्या दर्शनाला आलेला भक्त ती खातो, घरच्यांसाठी बांधून घेतो आणि पुन्हा वर्षभर इकडे फिरकत नाही. त्याच्या तब्येतीला या कचोरीनं काही होत नाही. तीच कचोरी गावातला दुकानदार, रिक्षावाला, इंजिनिअरिंग कॉलेजचा पोरगा चहासोबत रोज खातो. पदार्थ एकच, पण एकासाठी सण आणि दुसऱ्यासाठी सवय. ‘कचोरी खावी का?’ असं मला कुणी विचारलं तर मी उलट विचारतो, ‘किती दिवसांनी?’ या पुस्तकात कचोरीला मनाई नाही, हे वाचून मला बरं वाटलं. मनाई केली असती तर इथे ते खपलंही नसतं.

घरच्या ताटाचं म्हणाल, तर गजानन महाराजांच्या गावाला चून-भाकरीची थोरवी बाहेरच्यानं सांगायला नको. श्रीमंतांचे पक्वान्नांचे नैवेद्य बाजूला ठेवून महाराज कवर नावाच्या भक्ताच्या भाकरीची वाट पाहत उपाशी थांबले, ही कथा इथल्या पोरासोरांना ठाऊक आहे. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, बेसनाचं चून, कच्चा कांदा. आहारतज्ज्ञ आज तंतुमय पदार्थ, डाळीची प्रथिनं, भरड धान्य म्हणून जे लिहून देतात ते सगळं या ताटात होतं. पण भूतकाळाचं फार कौतुकही करू नये. ते ताट खाणारा माणूस दिवसभर वखर-डवऱ्यामागे चालत होता, आणि ते ताट पोटभर मिळण्याचे दिवसही वर्षात मोजकेच असत.

ते ताट बदललं कसं, हे डाएटच्या पुस्तकांत सहसा येत नाही. वऱ्हाडात खरिपाची ज्वारी मागे हटली, तिच्या जागी सोयाबीन आलं. सोयाबीन विकायचं पीक, ते ताटात तेल होऊन परत येतं. रेशनवर गहू आणि तांदूळ मिळतो. भाकर थापायला वेळ लागतो, पोळीला कमी, ब्रेडला मुळीच नाही. ताटात दुरून काय येतं याची धडकी शेगाव तालुक्याला मध्यंतरी भरली. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आजूबाजूच्या गावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत गळून टक्कल पडू लागलं. दिल्लीहून पथकं आली. पाणी, शांपू, बुरशी असे सगळे संशय झाले. विंचूदंशावरच्या कामासाठी ख्यात असलेल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी तपासण्या करून रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. या प्रकरणाचा वजनाशी संबंध नाही. पण आपलं खाणं आपणच ठरवतो, असं मानून पथ्याचे तक्ते लिहिणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं. निवड करायला आधी दुकानात पर्याय लागतो.

उपासाबद्दल एक परिच्छेद पुरे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ असं म्हणणाऱ्या समाजाला अधूनमधून उपाशी राहण्याचं नवं शास्त्र शिकवायला परदेशी पुस्तक लागावं, हा विनोद आहे. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. त्यावर दाण्याचं कूट, तूप आणि बटाटा. गुरुवारचा उपास धरणाऱ्यानं एका वेळी साधं जेवण घेऊन दुसऱ्या वेळी खरंच काही घेतलं नाही, तर त्याचा उपयोग होईल. खिचडीची दोन ताटं आणि रात्री गोडाधोडाचं पारणं, हा उपास देवाला पोचतो की नाही माहीत नाही, कमरेला मात्र पोचतो.

आता चालण्याचं. चालण्यावर शेगावला कोण काय शिकवणार? संस्थानाची पालखी आषाढीसाठी पंढरपूरला पायी जाते. सुमारे सातशे किलोमीटर, महिनाभर, शेकडो वारकरी, ठरल्या वेळी चाल, ठरल्या वेळी जेवण. परतीचा प्रवासही पायीच. खामगावाहून शेगावच्या शेवटच्या टप्प्यात तर हजारो माणसं सोबत चालत येतात. पण इथेही हिशेब करून पाहा. सत्तर किलोच्या माणसाला एक किलोमीटर चालायला ढोबळमानानं पन्नास कॅलरी लागतात. म्हणजे सातशे किलोमीटरला पस्तीस हजार, जास्तीचं काही न खाल्लं तर साडेचार किलो चरबी. आणि वाटेवरच्या पंगतींत जास्तीचं न खाणारा वारकरी मी तरी पाहिलेला नाही. रोजच्या चार किलोमीटरच्या फेरीच्या दोनशे कॅलरी एक कचोरी आणि एक गोड चहा सहज भरून काढतात. नुसत्या चालण्यानं वजन फार उतरत नाही, हे व्यायामाचे भक्त कबूल करत नाहीत आणि मग महिनाभरानं निराश होऊन बूट कोपऱ्यात टाकतात.

म्हणजे चालणं व्यर्थ? इथेच मला या विषयातला सर्वांत मोलाचा पुरावा सांगायचा आहे, आणि तो भारतातला आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ माणसांचा तीन वर्षं पाठपुरावा केला आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले. काहींना फक्त सांगितलं: रोज किमान अर्धा तास चाला, साखर आणि मैदा कमी करा, तेल आवरा, तंतुमय खा. या माणसांत मधुमेह होण्याचं प्रमाण साडेअठ्ठावीस टक्क्यांनी घटलं. औषधाची गोळी घेणाऱ्यांतही साधारण तेवढंच घटलं. आणि त्यांचं वजन? ते उतरलंच नव्हतं. काटा जागेवर आणि आजार लांबलेला. वजनकाट्यालाच एकमेव न्यायाधीश मानणाऱ्या सगळ्या जाहिराती या एका निष्कर्षापुढे फिक्या पडतात. अमेरिकेतल्या तीन हजारांहून अधिक माणसांच्या अशाच अभ्यासात, जिथे लोकांनी वजनही थोडं उतरवलं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम केला, तिथे ही घट ५८ टक्के होती.

काटा आपल्याला दुसऱ्या बाजूनंही फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र छापलं: ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन, शेजारी-शेजारी. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. हातपाय बारीक, पोट मात्र पुढे, हा आपला देशी बांधा. त्यामुळे भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढेच सावध व्हायला सांगतात आणि कंबर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत धरतात. उपासमारीच्या डाएटनं आधीच बारीक असलेले स्नायू आणखी झिजवणं हे अशा बांध्याला परवडणारं नाही. डाळ, दूध, अंडी आणि आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचा व्यायाम यांवर लेखिकेनं एवढा भर का दिला, ते यावरून कळेल. शेगावच्या बायका पहाटे साडीवर बूट घालून फिरायला लागल्या, ही मोठीच गोष्ट झाली. पण वैशाखात सकाळी आठनंतर रस्ता पोळायला लागतो आणि पावसाळ्यात चिखल. तेव्हा घरात बादली उचलण्यापासून सुरू होणारे व्यायाम या पुस्तकात आहेत ते फार उपयोगी.

झटपट वजन उतरवण्याच्या बाजूनं बोलणारा एक भक्कम पुरावाही आहे, तो लपवणं बरं नाही. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या अभ्यासात मधुमेह्यांना तीन ते पाच महिने रोज साडेआठशेच्या आतबाहेर कॅलरींच्या सूप-शेकवर ठेवलं. वर्षभरानं ४६ टक्क्यांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता, दुसऱ्या वर्षी ३६ टक्क्यांचा. हे यश मोठं आहे. पण तिथे परिचारिका किंवा आहारतज्ज्ञ नियमित तपासत होते, औषधं आधीच थांबवली होती, आणि सूप संपल्यावर जेवणाकडे परतण्याचे आठवडे आखून दिलेले होते. आठव्या दिवसाची तयारी पहिल्या दिवशीच झाली होती. जाहिरातीतल्या डब्यासोबत यातलं काहीच येत नाही. २०२५ पासून भारतात वजन उतरवणारी आठवडी इंजेक्शनंही मिळू लागली. ती परिणामकारक आहेत आणि काही आजाऱ्यांना त्यांची गरज आहे. पण त्यांपैकी सेमाग्लुटाइड हे औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं, असं त्याच औषधाच्या पाठपुराव्यात दिसलं. इंजेक्शनानंतरही जेवायचं असतंच.

पुस्तकातल्या पाककृती तिथीनुसार आणि शेतातल्या हंगामानुसार लावल्या आहेत. शेवटून वाचायला सुरुवात केली तरी चालेल. मात्र एक सूचना शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद इथल्या वाचकांसाठी वेगळी. आपण खारपाणपट्ट्यात राहतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खाऱ्या भूजलाच्या या गावांत मूत्रपिंडाचे आजार घरोघरचे आहेत, आणि ते बराच काळ काहीच लक्षण दाखवत नाहीत. प्रथिनांच्या पावडरीचा डबा उघडण्याआधी, किंवा भाकर-भात सोडून नुसत्या मांसा-पनीरवर राहण्याआधी, रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर हे पुस्तक आधी तुमच्या डॉक्टरांपुढे ठेवा, आणि पान ४० वरचा दोन जेवणांचा तक्ता त्यांनी होकार दिल्यावरच सुरू करा.